वाटाड्या न घेता: इंग्लंडच्या रानामाळात पायी आणि सायकलवर

सह्याद्रीत ट्रेकला गेलं की पायथ्याच्या गावात एखादा मामा भेटतोच. "मामा, गडाची वाट कुठून?" एवढं विचारलं की तो बांधावर उभ्या उभ्या हात करतो, आणि रान दाट असेल तर वाटाड्या म्हणून स्वतःच पुढे चालू लागतो. इंग्लंडमधल्या माझ्या पहिल्या मोकळ्या रविवारी मी असाच मामा शोधत होते. समोर फाटक, फाटक बंद, आत मेंढ्या, लांब एक शेतघर, आणि चिटपाखरू नाही. दुसऱ्याच्या शेतात कसं शिरायचं म्हणून मुकाट्याने मागे फिरले. पुढे कळलं की फाटकाच्या खांबावर एक पिवळा बाण होता, आणि त्या बाणाचा अर्थ "या, इकडून जा" असाच होता.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी लीड्स, मँचेस्टर, शेफील्ड किंवा लंडनला नुकत्याच आलेल्या, गाडी नसलेल्या माणसांसाठी हे लिहिते आहे. इथे वाट विचारायला माणूस मिळत नाही, पण बाण आणि नकाशा वाचता आले की वाटाड्याची गरजही उरत नाही. म्हणून आधी ते, मग तीन सफरी सोप्याकडून अवघडाकडे, आणि शेवटी एक जास्तीची.

आधी बाण ओळखा

इंग्लंडमधली जवळपास सगळी जमीन कुणाच्या तरी मालकीची आहे, नॅशनल पार्कमधली सुद्धा. ताडोबासारखं तिकीट, गेट आणि जिप्सी इथे नसते. पार्कच्या आत गावं आहेत, शाळा आहेत, दूध काढणारे शेतकरी आहेत. पण चर्चला, बाजाराला, गिरणीला जायच्या ज्या जुन्या वाटा या जमिनींवरून जातात, त्यांवरून जाण्याचा हक्क सगळ्यांचा आहे आणि तो कायद्याने नोंदवलेला आहे. वाट गव्हाच्या शेतातून गेली असेल तर तुम्हीही गव्हाच्या शेतातून जायचं. ओशाळायचं कारण नाही.

पिवळा बाण म्हणजे फुटपाथ, फक्त पायी. (शहरातल्या फुटपाथशी याचा संबंध नाही.) निळा बाण म्हणजे ब्रायडलवे. इथे पायी, घोड्यावर आणि सायकलवर जाता येतं. सायकलींना हा हक्क १९६८च्या कायद्याने मिळाला, आणि त्याच कायद्याने सायकलवाल्याने चालणाऱ्याला आणि घोड्याला आधी वाट द्यायची असते. जांभळा आणि लाल बाण कमी दिसतात, दोन्हीवर सायकल चालते, मात्र लाल बाणाच्या वाटेवर मोटारीही येऊ शकतात. नवखे सायकलवाले नेमकी एकच चूक करतात, पिवळ्या बाणावर सायकल घालतात. त्यासाठी तुरुंगात कुणी टाकत नाही, पण शेतकरी उतरायला सांगू शकतो आणि त्याचं बरोबरच असतं.

बाणांखेरीज आणखी एक गोष्ट आहे. डोंगर, मोकळे माळ आणि नोंदलेली गायरानं अशा जमिनीवर २००० सालच्या कायद्याने वाट सोडूनही पायी हिंडता येतं. सायकलला ही मुभा नाही.

हा हक्क आपसूक मिळालेला नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर भागातले शेकडो तरुण कामगार शिकारीसाठी राखून ठेवलेल्या किंडर स्काउटच्या माळावर मुद्दाम घुसले. त्यांच्या पुढारपणाबद्दल वीस वर्षांच्या बेनी रॉथमनला चार महिन्यांची कैद झाली, आणखी चौघे तुरुंगात गेले. त्याच्या दोनच वर्षं आधी आपल्याकडे चिरनेर आणि बिळाशीला जंगल सत्याग्रह झाले होते. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण रान कुणाचं हा प्रश्न तोच. पुढे १९४९ला नॅशनल पार्कांचा कायदा आला आणि १९५१मध्ये देशातला पहिला नॅशनल पार्क झाला तो पीक डिस्ट्रिक्ट, म्हणजे किंडर ज्यात येतं तोच भाग.

मग नकाशा घ्या

ऑर्डनन्स सर्व्हे ही इथली सरकारी नकाशे काढणारी संस्था. त्यांचे घडीचे नकाशे पुस्तकांच्या दुकानात मिळतात. गुलाबी वेष्टनाचा लँडरेंजर आणि नारिंगी वेष्टनाचा एक्सप्लोरर यांपैकी चालणाऱ्याने डोळे मिटून नारिंगी घ्यावा. त्याचं प्रमाण १:२५,००० आहे, म्हणजे कागदावरचे चार सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. मुख्य म्हणजे त्यात प्रत्येक गडगा दिसतो. कोकणात जांभ्या दगडाचे गडगे असतात तसे इथे चुना-सिमेंट न लावता रचलेले दगडी गडगे मैलोन्‌मैल पसरलेले असतात, आणि धुक्यात "आपण तिसरा गडगा ओलांडला" एवढ्यावर माणूस आपली जागा सांगू शकतो.

हिरव्या आखूड तुटक रेषा म्हणजे फुटपाथ, हिरव्या लांब तुटक रेषा म्हणजे ब्रायडलवे. फिकट पिवळा रंग दिलेली जमीन म्हणजे मोकळं हिंडण्याची. काळ्या बारीक तुटक रेषांना फसू नका. तिथे जमिनीवर वाट आहे एवढंच ती रेषा सांगते, हक्काबद्दल काही बोलत नाही. आणि जमिनीवर दिसणारी प्रत्येक मळलेली वाट नकाशावर असतेच असं नाही. आपल्याकडे ढोरवाटा चकवतात, इथे मेंढ्यांच्या वाटा. छान पायाखालची वाट पुढे अचानक संपते आणि समोर एक मेंढी आपल्याकडे बघत उभी असते.

वेळेचा अंदाज बांधायला इथले लोक एक जुना हिशेब वापरतात. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२मध्ये मांडला: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. फोटो काढणारे, डबा खाणारे आणि "अगं थांब ना जरा" म्हणणारे बरोबर असतील तर त्यात निम्मा वेळ आणखी मिळवा.

फोनमधला नकाशा मीही वापरते. पण घरून निघण्यापूर्वी तो उतरवून ठेवा, कारण दऱ्यांमध्ये रेंज नसते. थंडीत बॅटरीही भराभर उतरते. माझा फोन एकदा जानेवारीत चाळीस टक्क्यांवरून थेट बंद पडला होता, आणि तेव्हा पाठीवरच्या सॅकमधला कागदच कामी आला.

हवा, अंधार आणि गायी

डिसेंबरात उत्तर इंग्लंडमध्ये पावणेचारला सूर्य मावळतो. जूनमध्ये रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो. हा फरक आपल्या अंगवळणी पडायला वर्ष जातं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, त्या आठवड्यात हमखास कुणीतरी डोंगरावर अंधारात सापडतं. म्हणून नवख्यांनी एप्रिल ते सप्टेंबर हाच हंगाम धरावा. तरीही सॅकमध्ये एक हेडटॉर्च असावा.

जीन्स घालू नका. ती भिजते, जड होते आणि वाऱ्यात गारठवते. पातळ कपड्यांचे दोन-तीन थर आणि वर पाणी न शिरणारं जॅकेट, एवढं जुलैतही लागतं. हे जॅकेट नवं महाग पडतं, चॅरिटीच्या दुकानांत जुनं चांगलं मिळून जातं. बुटांच्या तळव्यांना खोल खाचा हव्यात. जेवण घरून न्या. खेड्यातल्या पबचं स्वयंपाकघर दुपारी बऱ्याचदा बंद होतं, आणि चार किलोमीटर चढल्यावर शाकाहारी माणसाच्या वाट्याला फक्त बटाट्याचे वेफर्स येतात. दशम्या आणि लसणाची चटणी गारठ्यात जशी लागते तशी घरी लागत नाही. ओढ्याचं पाणी मात्र पिऊ नका, वर मेंढ्या चरत असतात.

मेंढ्यांची भीती नाही, गायींची थोडी बाळगा. आपल्या गावच्या गायीला आपण हाट् म्हणून बाजूला सारतो, इथल्या कुरणातल्या, वासरं सोबत असलेल्या गायी तशा नव्हेत. वासरू आणि गाय यांच्या मधून कधी जायचं नाही. लांबून वळसा घ्यायचा, पळायचं नाही. सोबत कुत्रा असेल आणि गायी अंगावर आल्या तर त्याची साखळी सोडून द्या, तो स्वतःला वाचवतो. फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. गडग्यावर चढायचं नाही. दगडी किंवा लाकडी पायऱ्या केलेल्या असतात, त्यांना स्टाइल म्हणतात.

उन्हाळ्यात नेच्यांच्या दाट झुडपांतून गेलात तर घरी येऊन पाय तपासा. गोचीड चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा, आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथे गोल लाल चट्टा पसरला तर डॉक्टरकडे जा. त्यातून लाइम नावाचा आजार होतो.

आणि खरंच अडलात, पाय मोडला, वाट हरवली, तर ९९९ लावून आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू. ही पथकं स्वयंसेवकांची असतात, पैसे घेत नाहीत. फोन लागत नसेल तर मिनिटाभरात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांत, मग पुन्हा सहा.

पहिली सफर: मॉन्साल, सायकलवर

पीक डिस्ट्रिक्टमधल्या बेकवेलजवळून बक्सटनच्या दिशेला एक आगगाडी जायची. १९६८मध्ये ती बंद झाली, रूळ उखडले गेले, आणि आज त्या जागी सुमारे १४ किलोमीटरची सपाट वाट आहे. नाव मॉन्साल ट्रेल. चार लांब बोगदे बरीच वर्षं बंद होते, ते २०११मध्ये उघडले. प्रत्येक साधारण ४०० मीटरचा. दिवसा आत दिवे असतात, पण संध्याकाळी मालवतात, म्हणून सायकलला स्वतःचे दिवे असू द्या. बोगद्यातून पाणी ठिबकत असतं. कसारा घाटाच्या बोगद्यात डबाभर पोरं ओरडतात तशी इथेही ओरडतात.

सायकल नसेल तर हॅसॉपच्या जुन्या स्टेशनात भाड्याने मिळते. शेफील्डहून बेकवेलला बस आहे. हॅसॉपहून पश्चिमेला निघालात की थोड्याच वेळात हेडस्टोन बोगदा लागतो, आणि त्यातून बाहेर पडता पडता तुम्ही एका उंच दगडी पुलावर येता. खाली वाय नदीचं वळण. जॉन रस्किन हा लेखक या पुलावर भयंकर चिडला होता. बक्सटनच्या मूर्खांना अर्ध्या तासात बेकवेलला आणि बेकवेलच्या मूर्खांना बक्सटनला पोचता यावं म्हणून एवढी सुंदर दरी नासवली, असं त्याचं म्हणणं. आज तोच पूल बघायला लोक येतात. रस्किन बिचारा.

पण इथवर येऊन फक्त पॅडल मारत पुढे जाऊ नका. पुलाच्या पुढे मिलर्स डेलपर्यंत नदीने चुनखडीत कापलेले पांढुरके उभे कडे दिसतात, आणि ते नीट बघायला सायकल लावून खाली नदीकाठच्या फुटपाथवर उतरावं लागतं. पाण्याजवळच्या वाटा पिवळ्या बाणाच्या, म्हणजे सायकल वरच राहील. पुढे 'ची डेल' नावाच्या दरीत एके ठिकाणी कडा थेट पाण्यात उतरतो आणि वाट नदीतल्या मांडलेल्या दगडांवरून जाते. पाऊस झाला असेल तर ते दगड बुडतात, तेव्हा तिथूनच परत फिरायचं.

सायकलच्या दोन गोष्टी. रस्त्यावर इथेही डावीकडूनच चालवायचं, हे एक सोपं. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा कायद्याने लागतो. हेल्मेट कायद्याने सक्तीचं नाही, तरी घाला. आगगाडीत सायकल बहुतेक ठिकाणी फुकट नेता येते, मात्र जागा मोजक्या असतात आणि काही गाड्यांना आधी आरक्षण लागतं. घडीच्या सायकलला ही कटकट नाही.

दुसरी सफर: मॅलम

ही माझी लाडकी जागा, तेव्हा इथे जरा पाल्हाळ होणार.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाचा डोळा काळ्या कातळाला सरावलेला असतो. पाऊस पडला की पाणी कातळावरून धावतं, कड्यावरून कोसळतं, आणि आपण धबधब्याखाली उभे राहतो. मॅलम ज्यात येतं त्या यॉर्कशायर डेल्स या नॅशनल पार्कमध्ये हा हिशेब उलटा होतो. इथला दगड चुनखडीचा, सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, उबदार समुद्रातल्या जीवांच्या कवचांचा बनलेला. पावसाच्या पाण्यात किंचित आम्ल असतं, त्यात हा दगड विरघळतो. त्यामुळे पाणी वरून वाहत नाही, आत मुरतं. ओढा चालता चालता गडप होतो आणि मैलभर पलीकडे, भलत्याच ठिकाणी जमिनीतून वर येतो. मॅलमला हे सगळं सात-आठ किलोमीटरच्या एका फेरीत बघायला मिळतं.

जायचं कसं? लीड्सहून स्किपटनला गाड्या भरपूर आहेत. तिथून मॅलमला बस, पण दिवसात मोजक्या. उन्हाळ्यात रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी डेल्सबसच्या गाड्या असतात. परतीची शेवटची बस किती वाजता, हे निघण्यापूर्वी कागदावर लिहून घ्या. मी एकदा घेतलं नव्हतं, आणि नोव्हेंबरच्या अंधारात मोबाइलच्या उजेडात गडग्याला चिकटून रस्त्याने चालत गेले आहे. समोरून येणारी प्रत्येक मोटार आपल्याच अंगावर येते आहे असं वाटतं. सायकलवाल्यांनी एक स्टेशन पुढे गार्ग्रेव्हला उतरावं. तिथून एअरटनवरून मॅलमपर्यंत साधारण ११ किलोमीटरचा गावरस्ता आहे, चढ-उताराचा पण दमवणारा नव्हे. सायकल गावात कुलूप लावून ठेवायची, पुढचं सगळं पायी.

बहुतेक लोक आधी मोठ्या कड्याकडे पळतात. तुम्ही उलट जा. गावातून ओढा ओलांडून पूर्वेकडची वाट धरा, जॅनेट्स फॉसची पाटी आहे. शेतांतून वाट एका छोट्या रानात शिरते. मे महिन्यात इथे रानलसणाचा असा घमघमाट असतो की कुणी फोडणी दिली आहे की काय वाटावं. रानाच्या टोकाला एक बुटका धबधबा आणि त्याखाली डोह. जॅनेट ही इथल्या पऱ्यांची राणी, ती धबधब्यामागच्या गुहेत राहते म्हणे. पूर्वी लोकर कातरण्याआधी या डोहात मेंढ्या धूत. धबधब्याचा दगड बघा, तो झिजलेला नसून वाढलेला आहे. पाण्यात विरघळलेला चुना शेवाळावर बसत बसत ते पुटं चढवलेलं रूप आलं आहे.

पुढे डांबरी रस्ता, उजवीकडे वळून थोडं चालल्यावर एक कुरण, आणि कुरणाच्या शेवटी गॉर्डेल स्कार. लांबून काहीच कळत नाही. ओढ्याच्या कडेने एक वळण घेतलं की दोन्ही बाजूंचे कडे शंभर मीटरवर जाऊन डोक्यावर वाकतात. आपल्या भाषेत ही घळ. जेम्स वॉर्ड या चित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिचं भिंतभर चित्र काढलं, ते लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये आहे. घळीच्या आत दोन धबधबे आहेत आणि खालच्याच्या बाजूने काही लोक चढून वर जाताना दिसतील. तुम्ही जाऊ नका. सह्याद्रीत रॉक पॅच चढलेल्या माणसाचे हात शिवशिवतात, मला माहीत आहे. पण कोरड्या बेसाल्टवर जी पकड मिळते ती या ओल्या, गुळगुळीत झालेल्या चुनखडीवर मिळत नाही, आणि बरोबर नवखे असतील तर खाली उतरताना नक्की कुणीतरी अडकतं.

मागे येऊन रस्त्यावरच्या पुलाजवळ डावीकडे न वळता उजवीकडच्या फाटकातून चढणारी वाट घ्या. मॅलम कोव्हची पाटी आहे. कुरणं, गडगे, पुन्हा कुरणं, आणि मग अचानक पायाखाली दगडी फरसबंदी सुरू होते, माणसाने न केलेली. हिमनदीने माती खरवडून नेली, उघड्या पडलेल्या चुनखडीच्या भेगांत हजारो वर्षं पावसाचं पाणी शिरलं, आणि दगडाच्या लाद्या झाल्या. लाद्यांना इथे क्लिंट म्हणतात, मधल्या भेगांना ग्राइक. भेगा गुडघाभर, कुठे कमरेइतक्या खोल. वाकून आत डोकवा. वर वाऱ्याने झोडपलेला उघडा दगड, आत सावलीत, ओलाव्यात, लांब जिभेसारख्या पानांचं नेचं वाढलेलं. मेंढ्यांचं तोंड तिथवर पोचत नाही म्हणून ते टिकलं. या लाद्या कायद्याने संरक्षित आहेत, एक तुकडासुद्धा खिशात टाकायचा नाही. चालताना पाऊल लादीच्या मधोमध ठेवा. पाऊस पडून गेला असेल तर इथे घोटे मुरगळतात, मुलांना हात धरून न्या.

लाद्या संपतात तिथे जग संपतं. तुम्ही मॅलम कोव्हच्या माथ्यावर आहात आणि खाली ८० मीटर सरळ कडा आहे. कुठेही कठडा नाही. काठापासून दहा पावलं मागे राहा, वारा असेल तर वीस. मग पश्चिमेच्या बाजूने चारशेच्या आसपास दगडी पायऱ्या उतरून पायथ्याशी या आणि मान वर करा. जवळपास ३०० मीटर रुंदीचा, आत वळलेला पांढरा अर्धगोल. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ओळख पटेल. तो याहून कितीतरी मोठा आहे, पण इथे तुम्ही कड्याच्या पोटाशी उभे असता.

शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीला वितळलेल्या बर्फाचं पाणी या कड्यावरून प्रचंड धबधबा होऊन पडत होतं. मग पाण्याला जमिनीतल्या वाटा सापडल्या आणि कडा कोरडा पडला. ६ डिसेंबर २०१५ रोजी, डेसमंड वादळाच्या पावसाने जमिनीखालच्या वाटा तुंबल्या, तेव्हा काही तासांसाठी कोव्हवरून पुन्हा पाणी कोसळलं. असं झाल्याचं गावात कुणाच्याही आठवणीत नव्हतं.

कड्याच्या बुडातून एक ओढा निघतो. वरच्या पठारावर मॅलम टार्न नावाचं तळं आहे, त्याचा प्रवाह थोडं वाहून जमिनीत गडप होतो. साहजिकच वाटतं की तेच पाणी इथे खाली येतं. तसं नाही. ते पाणी कोव्हला चुकवून थेट गावाच्या दक्षिणेला वर येतं, आणि कोव्हमधून निघतं ते दुसऱ्याच ठिकाणी मुरलेलं पाणी. म्हणजे जमिनीखाली दोन प्रवाह एकमेकांच्या आरपार जातात. ज्याला हे वाचून तळं बघावंसं वाटेल त्याने फेरीत आणखी चार-पाच किलोमीटर धरावेत.

वसंतात कड्यावर बहिरी ससाणा घरटं करतो, दुर्बीण असेल तर न्या.

तिसरी सफर: एडेल ते होप, मॅम टॉरवरून

मँचेस्टर-शेफील्ड रेल्वेवर एडेल आणि होप ही शेजारची स्टेशनं. एकावर उतरायचं, मधली डोंगरधार चालायची, दुसऱ्यावरून परत. गेल्या वाटेनेच परत यायचं बंधन नाही, हे या सफरीचं सुख. अंतर दहा-बारा किलोमीटर.

एडेलहून हॉलिन्स क्रॉस या खिंडीवर चढा. एडेलला चर्च नव्हतं तेव्हा प्रेतं याच वाटेने पलीकडे कॅसलटनला नेत. वर आल्यावर उजवीकडे मॅम टॉर, ५१७ मीटर. या डोंगराला थरथरता डोंगर म्हणतात, कारण त्याची पूर्वेची बाजू शेल या ठिसूळ दगडाच्या आणि वाळूच्या दगडाच्या थरांची आहे आणि ती सतत घसरते. खालून जाणारा ए६२५ रस्ता वर्षानुवर्षं दुरुस्त केला गेला आणि शेवटी १९७९मध्ये सोडून दिला. त्यावर आज पायी जाता येतं. डांबराचे एकावर एक चढवलेले थर केकसारखे कापून उघडे पडले आहेत, आणि माळशेज घाटात दरवर्षी दरड बघणाऱ्या माणसाला ते फार ओळखीचं वाटतं. माथ्यावरून मागे फिरून धारेवरून पूर्वेला लूज हिलपर्यंत चालत जा. वाटेवर बराच भाग फरशा टाकलेल्या आहेत, चुकायला वाव नाही. मग उतरून होप स्टेशन.

या धारेवरून उत्तरेला जे सपाट, काळपट पठार दिसतं ते किंडर. पहिल्या महिन्यात तिथे जाऊ नका. ६३६ मीटर म्हणजे आपल्याला किरकोळ वाटतं, पण वर पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या थराची, दलदल आहे, खुणेला झाड नाही, आणि धुकं उतरलं की हातभर दिसत नाही. नकाशा आणि होकायंत्र हातात बसल्यावर, पश्चिमेचा जोरदार वारा असलेल्या दिवशी, हेफील्डच्या बाजूने किंडर डाउनफॉलला जा. ३० मीटरचा धबधबा वाऱ्याने उलटा वर उडतो. नाणेघाट पावसाळ्यात पाहिलेले लोक मान डोलावतील. ऑगस्टमध्ये गेलात तर सगळा माळ हेदरच्या जांभळ्या फुलांनी भरलेला असतो. काडी किंवा शेगडी मात्र पेटवू नका. २०१८च्या जूनमध्ये जवळच्याच सॅडलवर्थ माळावर आग लागली ती कित्येक दिवस धुमसत होती, कारण पीट आतूनही जळतं. तंबू ठोकून मुक्काम करायचा तर मालकाची परवानगी लागते. नैऋत्य इंग्लंडमधल्या डार्टमूरचा काही भाग तेवढा अपवाद आहे.

लंडनकरांना हे सगळं लांब पडतं. त्यांनी व्हिक्टोरियाहून लुइसला गाडी बदलून सीफर्डला उतरावं आणि सेव्हन सिस्टर्सचे खडूचे पांढरेशुभ्र कडे चालत ईस्टबर्न गाठावं. वीस किलोमीटरहून जास्त आहे, दम लागला तर मध्ये बसने सुटका करून घेता येते. तिथे एकच गोष्ट पाळा. काठावरचं गवत पक्कं दिसलं तरी खालचा खडू समुद्राने खाल्लेला असतो, तेव्हा काठावर बसून फोटो नको, आणि कड्याच्या बुडाशी बसून डबाही नको. सायकलवाल्यांसाठी याच टेकड्यांवरून विंचेस्टर ते ईस्टबर्न अशी १६० किलोमीटरची साउथ डाउन्स वे नावाची वाट आहे. ती सगळीच सायकलला मोकळी आहे, हा दुर्मीळ प्रकार.

जास्तीची: नॉर्बर

तीनही सफरी झाल्या, नकाशा हातात बसला, की लीड्सहून क्लॅपम स्टेशनला जा. गाड्या थोड्या आहेत, येण्याजाण्याची वेळ जुळवून ठेवा. तिथून ऑस्टविक गावाच्या वरच्या उतारावर नॉर्बर. पाट्या कमी आहेत, म्हणून ही जागा शेवटी ठेवली. हिरव्या रेषा बघत, गडगे मोजत पोचायचं.

पांढऱ्या चुनखडीच्या माळावर बैलगाडीएवढाले काळे धोंडे विखुरलेले आहेत. हिमनदीने ते वरच्या दरीतून उचलून आणले आणि वितळताना इथे टाकून दिले. धोंडा खालच्या दगडाहून सुमारे दहा कोटी वर्षांनी जुना, म्हणजे म्हातारा तरण्याच्या खांद्यावर बसला आहे. काही धोंडे चुनखडीच्या छोट्या ओट्यावर तोललेले दिसतील. तो ओटा कुणी बांधलेला नाही. धोंड्याने छत्रीसारखा पाऊस अडवला म्हणून तेवढा दगड विरघळायचा राहिला, आजूबाजूचा सगळा खाली गेला. वाकून ओट्याला वीत लावून बघा. दीड-दोन विती भरतात. हिमयुग सरल्यापासून पावसाने या माळाचा एवढा दगड नेला. धोंड्याच्या आडोशाला वारा लागत नाही, डबा तिथेच सोडा. परतीच्या गाडीला भरपूर वेळ असताना उतरायला लागा, कारण स्टेशन गावापासून लांब आहे.